मोरी तुंबू देऊ नका

१८ नोव्हेंबर

धाकट्या,

आशीर्वाद. ते न मागता मिळतात आणि परत करायची सोय नसते, म्हणून आधीच देऊन टाकते.

तुझं पाकीट पोचलं. आत आईच्या नावाचं एकवीस डिसेंबरचं तिकीट आणि तुझी दीड ओळ : ‘आईला इकडे पाठव. ते घर आता तिच्या छातीला झेपणार नाही.’ भिंत बांधून गेलास त्यानंतरचं हे तुझं पहिलं पत्र. उंबराचं फूल म्हणतात ते हेच असावं. फुलाला सुवास नाही, पण तिकीट आहे.

फोन का केला नाहीस ते विचारत नाही. फोनवर तू ‘थंडी कशी आहे’ विचारतोस, आईला ‘मंडई’ ऐकू येतं, ती ‘आज बंद आहे’ म्हणते, आणि तू काळजीत पडतोस. मग मी फोन घेते आणि आपण दोघं हवापाण्यावर बोलून ठेवून देतो. भांडायचं असेल तर पत्रच बरं. निदान शुद्धलेखन तपासता येतं.

आईला तिकीट दाखवलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि फडताळात चहाच्या डब्याखाली ठेवलं. आपल्या घरात चहाच्या डब्याखाली गेलेल्या कागदाचा निकाल कधी लागत नाही, हे तुला माहीत आहे.

“जाणार का मग?” मी विचारलं.

“तो गेला आणि अंगणात थंडी शिरली,” ती म्हणाली.

“हे उत्तर नाही आई, हे काव्य झालं.”

“तू मास्तरीण ना? लाव अर्थ.”

तिची तक्रार खोटी नाही, एवढं मला मान्य करावं लागेल. तुला आपलं लहानपण आठवत असेल. खाली गाव म्हणजे डोंगरांच्या मधली परात. सकाळी ती धुक्यानं काठोकाठ भरायची, नळ गोठायचे, शाळेत मुलं शाईच्या दौती काखेत धरून बसायची. आणि त्याच सकाळी निम्म्या उतारावर, आपल्या अंगणात, बाबांचं अंजीर पानांनी भरलेलं असायचं. लोक मुद्दाम बघायला यायचे. एवढ्या थंड मुलखात हा एवढासा तुकडा उबदार कसा, यावर ज्याची त्याची उपपत्ती. कुणी म्हणे जमिनीखाली गरम झरा आहे. कुणी म्हणे उताराचं तोंड उन्हाकडे आहे म्हणून. पोस्टमन उपपत्तीत पडायचा नाही. तो आपल्या फाटकाशी आला की कानटोपी काढून खिशात घालायचा आणि बाहेर पडला की पुन्हा चढवायचा.

मी वर्गात ‘कोष्ण’ शब्द शिकवताना हे अंगण सांगत असे. उष्ण शब्दाला ‘कु’ लागून तो झाला आहे. कुपुत्रामधला ‘कु’ वाईट, पण कोष्णामधला ‘कु’ म्हणजे नुसतं किंचित. किंचित ऊन, कोमट. आई चिडून तुला कुपुत्र म्हणालीच, तर मी तिला हा दुसरा अर्थ सुचवीन : थोडासा पुत्र.

तर हल्ली पोस्टमन कानटोपी काढत नाही. अंजिराची कोवळी फांदी दर हिवाळ्यात काळी पडते. सकाळी ओसरीच्या पायरीवर दव गोठलेलं असतं, आणि आईची खुर्ची ओसरीवरच असते. डॉक्टर म्हणाले, “आजींना ओसरीवरून हलवा, नाहीतर गावातून हलवा.” आई म्हणाली, “तुम्हीच हलून बघा.” पण रात्री खोकते ती, आणि मी भिंतीपलीकडून ऐकते.

तेव्हा तुझं म्हणणं चुकीचं नाही. मला काय, एक माणूस कमी म्हणजे एक कप कमी विसळायचा. तू ठरव, ती ठरवेल, मी बॅग भरून देईन.

ताई


२८ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं उत्तर आलं. दहा दिवसांत! पोस्टमनही चकित झाला. ‘अजून आहेत का हे?’ म्हणाला. ‘आहेत,’ म्हटलं, ‘आणि रागावलेले आहेत.’

तू लिहितोस : ‘हा भावनांचा नाही, तापमानाचा प्रश्न आहे.’ बरोबर. बंदरातल्या शीतगृहाचा मुख्य तंत्रज्ञ दुसरं काय लिहिणार? माणसाला चाळीस खोल्या भरून थंडी विकत ठेवायची सवय लागली, की आई हादेखील एक नाजूक माल वाटू लागतो. रागावू नकोस, ही थट्टा आहे. थोडीशीच आहे. कोष्ण.

पण पुढची ओळ थट्टेवारी नेता येत नाही. ‘त्या घराबद्दल मला काही सांगू नकोस. बाबांनी तुला घर दिलं, ऊब दिली. मला मोरी दिली.’

हे तू तेव्हाही म्हणाला होतास, वाटणीचा कागद वाचून झाल्यावर. वरचा तुकडा, घर आणि अंजिरासकट, मला. खालचा तुकडा तुला, जिथे बाबांनी जन्मात एक रोप लावलं नाही, कुंपण घातलं नाही, साधा लाकडांचा ढीगही कधी कुणाला रचू दिला नाही. ज्याला ते कायम ‘आपली मोरी’ म्हणायचे. रोपांची विक्री करणारा माणूस आपल्याच जमिनीच्या एका तुकड्याला मोरी म्हणतो आणि तोच तुकडा मुलाला देतो, म्हणजे मुलाची किंमत उघड झाली, असं तू म्हणालास. मी म्हणाले, तो विनोद होता. तू म्हणालास, “मग तूच हस.” आणि तुझ्या हद्दीवर पुरुषभर उंचीची पक्की भिंत घातलीस. “माझ्या मोरीत कुणी डोकावायला नको.” हे वाक्य चांगलं होतं. मला सुचलं असतं तर मीही वापरलं असतं.

मोरीवरून आठवलं. बाबांच्या शेवटच्या आठवड्यात ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते : “मोरी तुंबू देऊ नका.” आई म्हणाली, ह्यांना सगळ्या घराची काळजी. आपण दोघांनी न्हाणीघराची मोरी उपसली. तू बाह्या सरसावून तार घालत होतास, मी बादली धरून होते. केसांचा एक गोळा निघाला आणि माझी कधीची हरवलेली केसांची पिन. तू पिन धुऊन मला दिलीस आणि म्हणालास, “हे घे, वारसा.” आपण त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं, “बाबा, झाली मोकळी.” त्यांनी मान हलवली. ‘नाही’ अशी. मग आपण नळवाल्याला बोलावलं.

तो आपला शेवटचा एकत्र केलेला उद्योग. त्यानंतर वाटणी, मग भिंत, मग तू.

आईचं विचारलंस : खोकला आहे. गरम पाण्याची पिशवी घेते, पण खुर्ची हलवू देत नाही. काल मी खुर्ची आत नेली, तर उभी राहिली ओसरीवर. खांबाला धरून. शेवटी मीच खुर्ची परत आणली. सत्याग्रह म्हणतात तो हा, फक्त तिनं कुठे वाचलेला नाही.

तिकडे तुझ्याकडे बारा महिने उकाडा असतो असं ऐकते. चांगलं आहे.

ताई


६ डिसेंबर

धाकट्या,

हे पत्र उभ्यानं वाच. मी लिहितेही जवळजवळ उभ्यानंच आहे.

आज पहाटे उजाडता उजाडता मी अंगणाच्या वरच्या कोपऱ्यात पालापाचोळा पेटवला. ओला होता, म्हणून जाळ कमी आणि धूरच धूर. वारा बिलकूल नव्हता. धूर वर जायचा म्हणून मी मागे सरकले, आणि तो वर गेलाच नाही. थोडा उठला, थंड झाला आणि खाली बसला. मग जमिनीला पोट लावून उताराकडे निघाला, सरपटत, अगदी सांडलेल्या पाण्यासारखा. अंजिराच्या बुंध्याला वळसा घालून गेला. पायरीच्या कडेनं गेला. तुझ्या भिंतीपाशी पोचला आणि थांबला.

तिथे तो साचायला लागला. गुडघाभर झाला, कमरेएवढा झाला. मागून आणखी येत होता, पुढे जायला वाट नव्हती, म्हणून तो मागे मागे फुगत आला, तुडुंब भरलेल्या हौदासारखा. अंजीर बुडालं. पायऱ्या बुडाल्या. शेवटी तो ओसरीवर चढला आणि आईच्या पायांशी आला.

आई खुर्चीत बसून बघत होती. शाल तोंडावर धरून म्हणाली, “अगं, मोरी तुंबलीय.”

ती न्हाणीघराबद्दल बोलत नव्हती. ती समोर जे दिसत होतं ते बोलत होती.

धाकट्या, तुला हे मी समजावून सांगावं म्हणजे काशीस जाऊन गंगेचं वर्णन करण्यासारखं आहे. थंड हवा जड असते, खाली बसते, उताराला लागते, हे तू पोटासाठी रोज करतोस. इथे आपल्या डोंगरावर रात्रभर तेच चालतं. वरून थंडी ओघळत येते, आपल्या अंगणातून जाते, खालच्या तुकड्यातून पुढे जाते, ओढ्याला लागते आणि गावाच्या परातीत जाऊन बसते. आपलं अंगण उबदार होतं ते कुठल्या झऱ्यामुळे नव्हे. नुसतं उन्हामुळेही नव्हे. थंडी आपल्याकडे येत होती, पण थांबत नव्हती. खाली तिला जायला मोकळी वाट होती म्हणून.

ती वाट म्हणजे मोरी. बाबा शिवी देत नव्हते, विनोदही करत नव्हते. ते जे आहे तेच म्हणत होते. जन्मभर म्हणत होते. आणि मी, जिला शब्दाच्या मुळाशी जायचा पगार मिळतो, त्या शब्दात तार घालून केस काढत बसले.

ज्याच्याकडे मोरी त्याच्या हातात घराची ऊब, असा विचार करून त्यांनी ती तुला दिली असं मी म्हणणार नाही. ते रोपं विकायचे, तत्त्वज्ञान नाही. कदाचित तू लहानपणी त्या उतारावरून घसरत जायचास म्हणून दिली असेल. पण एक सांगते : जो तुकडा कधीही बंद होऊ नये असं त्यांना वाटत होतं, तो त्यांनी तुझ्या नावावर केला. एवढंच कागदावर आहे. अर्थ लावायला तूही मोकळा आहेस.

आईचं काव्यही फुकट गेलं. ‘तो गेला आणि थंडी शिरली’ यात अलंकार काहीच नव्हता. तू भिंत बांधून गेलास, थंडी शिरली. शुद्ध वृत्तांत.

आता मुद्द्याचं. भिंतीत वाट पाडली, तर थंडी निघून जाईल. ओसरी पहिल्यासारखी होईल. डॉक्टरांना विचारलं : ओसरी कोरडी आणि उबदार राहिली तर आजींना इथेच राहू द्या, म्हणाले, एवढ्या वयाच्या झाडाची जागा बदलू नये. (त्यांनी बाबांकडून रोपं नेली आहेत, म्हणून अशी भाषा.) पण भिंत तुझी आहे. तुझ्या भिंतीची एक वीट मी तुझ्या शब्दाशिवाय काढणार नाही. एकदा बाबांच्या शब्दाचा अर्थ माझ्या मनानं लावला, तेवढा पुरे झाला.

एकवीस तारखेच्या आत कळव. नाहीतर ती गाडीत बसेल. तिनं तिकीट चहाच्या डब्याखालून काढलं आहे.

ताई


१४ डिसेंबर

धाकट्या,

उत्तर नाही. पोस्टमन दुरूनच मान हलवतो. त्यालाही आता आपलं घरगुती प्रकरण पाठ झालं आहे.

आईनं स्वतःहून बॅग मागितली. म्हणाली, “जाते मी. तू रात्री उठून माझ्या दाराशी येऊन उभी राहतेस. मला ऐकू येत नाही, पण फटीतून पाय दिसतात.”

मी म्हटलं, “मी पाणी प्यायला उठते.”

“रोज माझ्याच दाराशी बरं तुला तहान लागते.”

बॅग भरली. तिची राखाडी शाल, चष्म्याचं घर, औषधं वेगळ्या पिशवीत, वर तुझ्यासाठी चिठ्ठी की कुठली कधी द्यायची. तिकडे गरम कपडे लागणार नाहीत म्हणून लोकरीचा स्वेटर काढून ठेवला. तिनं तो पुन्हा आत घातला. मी पुन्हा काढला. सध्या तो खुर्चीच्या पाठीवर आहे, निकालाच्या प्रतीक्षेत.

तिला उकाडा सहन होत नाही, हे तुला माहीत असेल. झोपताना खिडकीची एक फळी उघडी लागते. मोठ्यानं बोललेलं आवडत नाही, म्हणून हळू बोलावं आणि मग तिला ऐकू येत नाही म्हणून तिनं रागवावं, असा क्रम आहे. तो मोडू नकोस.

तू भिंतीबद्दल रागावला असशील. माझं पत्र म्हणजे थंडीचं निमित्त करून तुझ्या हद्दीत शिरायचा डाव, असं वाटलं असेल. तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण धाकट्या, धुराला डाव कळत नाही.

मी शाळेत एक वर्ग जास्तीचा मागून घेतला आहे. संध्याकाळचा. संध्याकाळी घरी लवकर येऊन तरी काय.

ताई


२० डिसेंबर

धाकट्या,

उद्याची गाडी, आणि आज दुपारी तुझं पाकीट. पोस्टमन फाटकापासूनच ओरडत आला. आईला ओरडणं ऐकू आलं नाही, पण त्याचा वर केलेला हात दिसला.

आत पत्र नाही. आशीर्वाद नाही, नमस्कार नाही, ‘ताई’सुद्धा नाही. आलेख-कागदावर आखलेला नकाशा. भिंत, उतार, बाण. तुझ्या चौकोनी अक्षरात सूचना. मी आईला जोरात वाचून दाखवल्या :

‘वाट पूर्वेच्या कोपऱ्यात पाड. सगळ्यात सखल तिथे आहे. (लहानपणी तिथेच डबकं व्हायचं.) दोन माणसं शेजारी शेजारी जातील इतकी रुंद. थेट जमिनीपर्यंत, खाली एक वीटही ठेवू नको. उंबरठा करू नको. थंडी बुडानं जाते. माझ्या बाजूला गवत वाढलं असेल तर कापून घे. कवाड बसवू नको. कधीच नाही. बंद झालं की पुन्हा तुंबेल. उशीर झाला, कारण तुझ्या वर्णनावरून उताराचा हिशेब जमेना. मग आठवणीवरून केला.’

आई म्हणाली, “पुन्हा वाच.”

मी वाचलं.

“शेवटचं पुन्हा.”

“‘मग आठवणीवरून केला.’”

“बापाचं अक्षर आहे,” ती म्हणाली. ते खरं नाही, बाबांचं अक्षर गोल होतं. पण मी दुरुस्ती केली नाही. सगळ्याच दुरुस्त्या करायच्या नसतात.

गवंड्याला लगेच बोलावलं. तो नकाशा बघून म्हणाला, “मास्तरीणबाई, दार पाडायचं आणि कवाड नाही बसवायचं? मग भिंत तरी कशाला ठेवता?”

“भिंत माझ्या भावाची आहे,” मी म्हटलं. “हळूहळू जाईल.”

संध्याकाळपर्यंत वाट पडली, विटांचे तुकडे बाजूला झाले. उद्याची सकाळ बघून ठरवू, असं आई म्हणाली. बॅग दाराशीच आहे.

ताई


११ जानेवारी

धाकट्या,

तिकीट सोबत परत पाठवते आहे. वापरलेलं नाही. ते उलट दिशेनं चालतं का, एवढं स्थानकावर विचार.

त्या सकाळी मी मुद्दाम पुन्हा ओला पाला पेटवला. आई शाल गुंडाळून बसली होती, परीक्षकासारखी. धूर निघाला, अंजिराला वळसा घालून गेला, भिंतीला लागला, जरा चाचपडला, मग कोपऱ्याकडे वळला आणि गेला. रांगेनं, घाई न करता, जणू त्याला घर माहीत होतं. आईनं टाळी वाजवली. खोकली, आणि पुन्हा टाळी वाजवली.

खोकला पुरता गेला असं म्हणणार नाही, वय झालं आहे. पण रात्री मला आता खरोखरच पाणी प्यायला उठावं लागतं. अंजिराची साल नखानं खरवडून पाहिली. वरच्या फांद्या गेल्या. बुंध्यात खाली हिरवं आहे.

आणि परवा पोस्टमननं फाटकाशी येऊन कानटोपी काढली. त्याच्या लक्षातही आलं नाही. मी आईला खूण केली, तर ती म्हणाली, “बघितलं. बोलू नकोस, पुन्हा घालेल.”

तुझ्या नकाशातलं एक वाक्य मात्र मला अजून छळतं आहे. ‘कवाड बसवू नको. कधीच नाही.’ ते तांत्रिक आहे हे मला कळतं. हवा तुंबते म्हणून. पण व्याकरणवाल्यांना एका वाक्याचे दोन अर्थ लावायची खोड असते, आणि एकदा मी फार कमी अर्थ लावला होता, तर या वेळी थोडा जास्त लावते. आता आपल्या दोघांच्या मधे एक दार आहे, ज्याला कडी नाही, कुलूप नाही, आणि शास्त्रानंच बसवू नये असं सांगितलं आहे. येशील तेव्हा वाजवायला काही सापडणार नाही. तसाच आत ये.

एक गोष्ट तुला सांगायची राहते. थंडी गेली म्हणजे नाहीशी झाली नाही. ती आता तुझ्या तुकड्यातून जाते. सकाळी आपलं अंगण ओलसर काळं असतं, आणि त्या वाटेतून पलीकडे बघावं तर तुझं गवत पांढरंशुभ्र, पात्यापात्यावर हीव. आईनं खुर्ची आपणहून हलवली, वाटेच्या समोर, पलीकडचं दिसेल अशी. उन्हं चढेपर्यंत ती तिकडेच बघत बसते.

आज मी चहा घेऊन गेले, तर म्हणाली, “बघ गं किती पडलंय त्याच्याकडे. आपलं सगळं त्यानं अंगावर घेतलं.”

मी म्हटलं, “आई, हे काव्य झालं.”

“असू दे,” ती म्हणाली. “त्याला लिही.”

म्हणून लिहिलं.

ताई